पोलेचं उत्तर

माकोखा साहेब जिना चढून वर आले, खुर्चीत बसले, कपाळ पुसलं, आणि नासिमियूने त्यांना चहा विचारला नाही. तिथूनच बिनसलं.

आता आमच्या बुंगोमात दारात आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. हाडवैरी आला तरी आधी त्याच्या हातात कप द्यायचा आणि मग भांडायचं. पण नासिमियूच्या खोलीत चहा नाही. पाण्याचा माठ आहे, समोरासमोर दोन खुर्च्या आहेत, भिंतीशी एक बाक आहे, आणि खाली मक्याची गिरणी असल्यामुळे या सगळ्यावर पिठाचा एक थर आहे. लोक येतात, बोलतात, ती ऐकते. एवढाच तिचा धंदा. "बसून ऐकायचे पैसे घेते म्हणे," असं खालची गिरणीवाली कुणालाही सांगायची, "मग माझ्या नवऱ्याचं ऐकून ऐकून माझा एव्हाना बंगला झाला असता की!"

हसोत बापडे. नासिमियूला त्याचं काही वाटत नसे. पंचेचाळिशीची, जाड भिंगाच्या चष्म्याची, बिनलग्नाची बाई. लोकांच्या हसण्याला भीक घालायचं वय उलटून गेलं होतं.

"बाई, केवढी ही धूळ! खोकता तुम्ही. पोले हं," माकोखा साहेब म्हणाले.

नासिमियू गप्प.

इथे थांबून हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण याच शब्दाचं आहे. पोले. ठेच लागली, पोले. डोक्यावर मोळी घेऊन चढ चढतेयस, पोले. ताप आलाय, पोले. पोर गेलं, पोले. 'वाईट झालं गं तुझं', एवढंच त्यात असतं. 'माझं चुकलं' हे त्यात कणभरही नसतं. आणि समोरच्याने त्यावर म्हणायचं, असांते. म्हणजे आभारी आहे. हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की गाढ झोपलेल्या माणसाच्या कानाशी जाऊन पोले म्हणा, कूस बदलताना तो असांते म्हणेल.

नासिमियूच्या खोलीत हे दोन्ही शब्द बंद. दारात पाऊल टाकलं की ती पहिल्यांदा तेच सांगते. मी तुम्हाला पोले म्हणणार नाही, तुम्ही मला असांते म्हणायचं नाही. मग खुर्चीत बसवून एकच विचारते, "तुमचं काय म्हणायचं राहिलंय?" आणि त्यानंतर तोंडाला कुलूप लावते. माणूस रडला तर रडू देते. पाठीवरून हात फिरवत नाही, रुमाल पुढे करत नाही. लोक म्हणायचे, दगड आहे मेली. पण तेच लोक पुढच्या आठवड्यात पुन्हा जिना चढायचे.

"बरं, कामाचं बोलतो," माकोखा साहेब म्हणाले. साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीचे ते मुख्य. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ड्रायव्हर, सगळं त्यांच्या हाताखाली. शिवाय चर्चमधले वडीलधारे, आवाज लोण्यासारखा. "आमच्या फाटकाशी एक बाई बसते. नेकेसा नाव. नालियाका म्हणून तिची मुलगी, ती आमच्या ट्रॉलीखाली... तुम्हाला ठाऊकच असेल."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळेजवळच्या उतारावर उसाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली आणि मागे घसरून मागोमाग चाललेल्या पोरीवर गेली. आठ वर्षांची होती.

"आम्ही काय केलं नाही सांगा! पीठ पाठवलं, सरपण पाठवलं, दफनाला कालवड दिली. मी स्वतः गेलो. सगळ्यांच्या देखत उभं राहून तिला पोले म्हणालो. नवरा बिचारा सज्जन. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मला असांते म्हणाला. आणि ही? ही नुसती माझ्याकडे बघत राहिली! तेव्हापासून आजतागायत कुणाच्याही पोलेला हिने उत्तर दिलेलं नाही. शेजारणींना नाही, पाद्रीबाबांना नाही. सकाळी भोंगा झाला की येऊन फाटकाशी बसते ती संध्याकाळपर्यंत. आता तुम्हीच सांगा, शहाणं माणूस असं करतं?"

नासिमियूच्या कानात त्या सगळ्यातलं एकच घुमत राहिलं. टोपी काढून हातात घेतली.

"माझ्याकडून काय हवंय, साहेब?"

"एकच वाक्य. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, एवढंच म्हणा. शुक्रवारी नैरोबीहून मोठे साहेब यायचेत, त्याआधी फाटक मोकळं दिसलं पाहिजे. पोलिसांशी बोललोय मी. मोठ्या हॉस्पिटलात वेड्यांच्या वॉर्डात खाटेची सोय झालीय. औषधं मिळतील, झोप मिळेल. तिच्याच भल्याचं आहे हो!"

"मी माणसाला भेटल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलत नाही."

"भेटा की! मी कुठे नाही म्हणतो? दर सोमवारी आमचे कामगार तुमच्याकडे येतात, कारखान्याचा तुमच्यावर किती विश्वास आहे बघा. तो असाच राहावा, एवढंच माझं म्हणणं."

साखर कारखान्यातला माणूस तो, धमकीसुद्धा साखर पेरून दिली. सोमवारचे कामगार म्हणजे नासिमियूची निम्मी भाकरी होती, हे दोघांनाही माहीत होतं. साहेब उठले, टोपी घातली आणि जिन्यावर उभ्या असलेल्या गिरणीवालीला "कामाबद्दल पोले" म्हणत खाली गेले. "असांते, साहेब, असांते!" ती पिठाचे हात पुसत म्हणाली.

नासिमियू खिडकीशी उभी राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

टोपी काढून हातात घेतली! अशीच एक टोपी तिने पाहिली होती. ती तेव्हा दहा वर्षांची असेल. धाकटी बहीण, नांजाला नाव तिचं, तापाने फणफणली, तेव्हा बापाने तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवलं, नासिमियूला मागे, आणि भर दुपारी दवाखाना गाठला. रविवार होता. दवाखान्यातला माणूस आतल्या खोलीत जेवत होता. त्याने दारातूनच सांगितलं, जेवण झाल्यावर बघतो. तिघं व्हरांड्यात बसली. आतून ताटावर हाडं टाकल्याचा आवाज येत होता, हसण्याचा आवाज येत होता. नांजाला बापाच्या मांडीवर आधी कण्हत होती, मग कण्हायची थांबली. पुष्कळ वेळाने तो माणूस दात कोरत बाहेर आला, त्याने पोरीच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाला, "पोले साना, बाबा." साना म्हणजे फार.

आणि बापाने टोपी काढली, छातीशी धरली, आणि म्हणाला, "असांते."

परतीच्या वाटेवर नासिमियूने विचारलं, "बाबा, त्याला असांते कशाबद्दल म्हणालात?" बाप सायकल ढकलत राहिला. त्यानंतर कितीतरी वर्षं तिने तेच विचारलं, कधी भांडून, कधी रडून. तो मरेपर्यंत त्याचं उत्तर आलं नाही. कसलं येणार? तोंडाला सवय होती, तोंड बोललं. पण ते त्याच्या घशात असं काही अडकून बसलं, की पुढे तो कुणाशी धड बोललाच नाही.

पुढे नैरोबीला कालोंडू बाईंच्या हाताखाली नासिमियू हे काम शिकली. कालोंडू बाई कांबा मुलखातल्या, लहानखुऱ्या, जिभेने तिखट. पहिल्याच दिवशी एक विधवा समोर बसून रडायला लागली आणि नासिमियूच्या तोंडून पोले निघालं. विधवेने लगेच डोळे पुसले, असांते म्हणाली आणि उठून गेली. बाईंनी नासिमियूची अशी काही बिनपाण्याने केली! "उकळायला लागलं होतं, घातलंस झाकण! तिला बरं वाटावं म्हणून नाही म्हणालीस. तुला तिचं रडणं बघवेना म्हणून म्हणालीस. गिळायला शिक तो शब्द." नासिमियू शिकली. बुंगोमाला परत येऊन तिने खोली घेतली, आणि तिला कळलं, की जिना चढून येणाऱ्या निम्म्या लोकांच्या घशात असलंच एखादं असांते अडकलेलं असतं. मारणाऱ्या नवऱ्याला म्हटलेलं, जमीन लाटणाऱ्या चुलत्याला म्हटलेलं. ते बाहेर काढायचं, एवढंच तिचं काम.

कालोंडू बाई आणखी एक सांगायच्या. आपला स्वतःचा राग चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवायचा आणि मग आत यायचं. नासिमियूने आजवर तो नेम मोडला नव्हता.

तिचा दुसरा नेम होता, आपण कुणाकडे जायचं नाही, ज्याला गरज आहे तो येईल. तो तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच मोडला.

गाळप जोरात चालू होतं. मळीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. फाटकाशी ट्रॉल्यांची रांग, आणि फाटकाच्या खांबाला टेकून, गोणपाटावर पाय पसरून नेकेसा बसली होती. तिशीची काटक बाई. जाणारा-येणारा प्रत्येकजण मान झुकवून म्हणत होता, "पोले, नालियाकाची आई." ती प्रत्येकाकडे नीट बघायची, कान देऊन ऐकायची, आणि गप्प राहायची. म्हणणारा माणूस उत्तरासाठी क्षणभर घुटमळायचा आणि मग चोरासारखा पुढे सटकायचा.

"तुम्ही पण पोले म्हणून बघा," फाटकावरचा पहारेकरी नासिमियूला म्हणाला, "भिंतीला म्हटल्यासारखं वाटेल. खुळावलीय पार."

"तुला कुणी विचारलं का रे?" नासिमियू म्हणाली आणि गोणपाटाच्या कडेला जमिनीवर बसली.

तीन ट्रॉल्या आत गेल्या. मग नेकेसाच बोलली. "तू ती गिरणीवरची. ऐकणारी."

"हो."

"कुणी धाडलं तुला? तोच ना? माकोखा?"

"त्यानेच."

"बरी आहेस. खोटं तरी बोलत नाहीस." नेकेसाने कमरेला बांधलेल्या कापडातून भाजलेलं कणीस काढलं. "त्याला काय हवंय?"

नासिमियूने सगळं सांगितलं. शुक्रवार, पोलीस, वॉर्ड, एक वाक्य. आडपडदा ठेवला नाही. ऐकता ऐकता नेकेसाने कणीस मोडलं आणि आतला गरम दाणा बोटाला चटका देऊन गेला. तिने बोट तोंडात घातलं.

"पोले," नासिमियू म्हणाली.

म्हणाली आणि तिचा तिलाच धक्का बसला. इतक्या वर्षांनी! गिळलेला शब्द असा सुळ्ळकन निघून आला. नेकेसा तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. दफनानंतर ती पहिल्यांदाच हसत असावी, कारण पहारेकरी दचकून उठून उभा राहिला.

"निघालंच ना तुझ्याही तोंडातून! मला वाटलं, तू निराळी आहेस. अगं, तोंड आपलं नसतंच. गावाचं असतं."

"तुझं तरी तुझं आहे. तू उत्तर देत नाहीस."

"मला विचारलं का कुणी, का देत नाहीस म्हणून? सगळे म्हणतात, डोकं फिरलंय." नेकेसाने अर्धं कणीस तिच्या हातात ठेवलं. "वेकेसा ठाऊक आहे तुला? ट्रॅक्टरवाला. तिसऱ्या दिवशी माझ्या अंगणात आला. पोले म्हणाला नाही. गुडघे टेकले आणि म्हणाला, माझं चुकलं. ट्रॉली जोडायची पिन तुटलेली होती, तारेने बांधली होती. सकाळी साहेबाला सांगितलं, ही ट्रॉली नको काढायला, तर साहेब म्हणाला, गप ने, गाळप थांबलंय. मी नाही म्हणायला हवं होतं, पण पोटाला भ्यालो, माझं चुकलं. असं म्हणाला. धाय मोकलून रडला. मी त्याला घरात घेतलं, मक्याची उगाली वाढली. त्याच्यावर माझा राग नाही." तिने फाटकाकडे बोट केलं. "एकजण म्हणाला. एकजण बाकी आहे. तो येतो आणि पोले म्हणतो! जसं काही आभाळातून पडलं माझ्या पोरीवर! आणि मी त्याला असांते म्हणायचं? माझी पोर मारलीस, फार आभारी आहे, असं?"

नासिमियूच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. व्हरांडा, ताटावर पडणारी हाडं, छातीशी धरलेली टोपी. तिच्या बापाला जे जमलं नाही, ते ही बाई रोज उन्हात बसून करत होती, आणि त्याचं नाव वेड!

"तो म्हणाला तर उठशील इथून?"

"तेव्हाच्या तेव्हा. मला काय हौस आहे? शेतात तण माजलंय माझ्या."

"उद्या माझ्या खोलीवर ये. त्यालाही बोलावते. तो म्हणेलच असं मी सांगत नाही. पण माझ्या खोलीत त्याला पोले म्हणता येणार नाही."

नेकेसाने विचार केला. "मग तो म्हणेल काय?"

"तेच बघायचंय मला."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. नेकेसा आधीच येऊन बाकावर बसली होती. माकोखा साहेब आले ते खुशीत. खाली जीप उभी होती आणि जीपमध्ये दोन पोलीस शेंगदाणे खात होते. नासिमियूने ते खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी तिने राग दाराबाहेर काढून ठेवला नाही. चपलांसकट आत आली.

"वा, वा! बाई आल्या आहेत म्हणजे बरंच झालं, एकातच काम," साहेब म्हणाले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, नेकेसाकडे वळून चेहरा पाडला. "नालियाकाची आई, पोले सा..."

"साहेब." नासिमियूने हात वर केला. "तो शब्द इथे चालत नाही. दुसरा काढा."

साहेब हसले. "हो, हो, तुमचा तो नेम. बरं. हे बघ, नालियाकाची आई, देवाच्या मनात जे असतं..."

"देव आला की त्याला विचारू. तुम्ही तुमचं बोला."

"कारखान्याला अतिशय दुःख..."

"कारखान्याला मी बोलावलेलं नाही. माकोखांना बोलावलंय. तुमचं काय म्हणायचं राहिलंय?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. आयुष्यभर चर्चमध्ये, दफनांत, सभांत तासन्‌तास बोललेला माणूस. एक शब्द काढून घेतल्यावर त्याच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. खाली गिरणी घरघरत होती. साहेबांनी मान पुसली.

"हे बघा, पोरं ट्रॉलीमागे धावतात. ऊस ओढतात. आईबापांनी जरा लक्ष..."

"ओढत होती," नेकेसा बाकावरून म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "सगळीच ओढतात. कांडं तिच्या हातातच होतं. मीच तिच्या मुठीतून सोडवलं. आणि पिन?"

"कसली पिन?"

"वेकेसाने तुम्हाला सकाळी सांगितली ती."

साहेब झटकन नासिमियूकडे वळले. "ड्रायव्हर लोकांचं काय ऐकता? पितात मेले."

"त्या सकाळी प्यायला होता?" नासिमियूने विचारलं.

साहेब टोपीची कड चाचपू लागले.

"तुटकी पिन बघूनही ने म्हणालात ना? हो किंवा नाही म्हणा. दोन्ही शब्द इथे चालतात."

साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांचा खालचा ओठ हलला. नेकेसा बाकावर पुढे झाली. अख्खी बाई त्या ओठाकडे बघत होती. म्हण रे बाबा, नासिमियूच्या मनात आलं, एकदाच म्हण, आणि सुटा तुम्ही सगळे. पण त्यांनी ओठ चावला, गुडघ्यावरची टोपी मुठीत आवळली आणि लोणी कुठल्या कुठे गेलं.

"हे ऐकवायला बोलावलंत मला? मी तुमच्याकडे एक वाक्य मागितलं होतं!"

"देते ना! ही बाई शहाणी आहे. या गावात सगळ्यात शहाणी हीच आहे. झालं वाक्य."

"सोमवारपासून आमचा एकही कामगार या जिन्यावर दिसणार नाही."

"नका पाठवू! उपाशी राहीन!" नासिमियू उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. खाली गिरणीवालीने गिरणी बंद केली आणि जिन्याशी येऊन उभी राहिली. "आणि ते खाली शेंगा खात बसलेत ना, त्यांना बोलवा वर. त्यांच्यासमोर म्हणते. उद्या तुमच्या नैरोबीच्या साहेबांसमोर म्हणते. तुटक्या पिनेसकट म्हणते! हिला हात लावून दाखवा. वेडी म्हणे! पोर मारणाऱ्याला ही आभारी आहे म्हणत नाही म्हणून वेडी? मग माझा बाप शहाणा होता, त्याने म्हटलं आणि कुढत कुढत मेला! तुमच्या जिभेला हाड नाही, साहेब, आणि पाठीला कणा नाही. चालते व्हा माझ्या खोलीतून!"

कालोंडू बाई तिथे असत्या तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. लावू देत.

माकोखा साहेब उठले. खाली पोलिसांकडे त्यांनी खिडकीतून एक नजर टाकली, पण हाक मारली नाही. पिनेचं नाव पोलिसांच्या कानावर जायला नको होतं. गिरणी थांबल्यामुळे सगळीकडे एकदम शांत झालं होतं. टोपी हातात धरून ते दारापर्यंत गेले.

"साहेब," नेकेसा म्हणाली.

ते वळले. ती बाकावरून उठली होती. मयताच्या घरी जाऊन उभं राहतात तशी, हात समोर जुळवून, मान किंचित झुकवून ती उभी होती. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता.

"पोले, साहेब," ती म्हणाली. "पोले साना."

आणि माकोखा साहेबांनी टोपी छातीशी धरली, आणि म्हणाले, "असांते."

शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना तो ऐकू आला. चेहरा राखेसारखा झाला. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. गिरणीवाली भिंतीला चिकटून बाजूला झाली. थोड्या वेळाने खाली जीप सुरू झाली आणि पोलिसांना घेऊन, मागची जागा रिकामीच ठेवून, निघून गेली.

नासिमियू खुर्चीत बसली. "म्हणाला गं," ती म्हणाली, "ऐकलंस? टोपी छातीशी धरून म्हणाला."

"तो कुठला म्हणतोय!" नेकेसा माठातलं पाणी घेत होती. "त्याचं तोंड म्हणालं. तो अजून बाकी आहे." पाणी पिऊन तिने पेला विसळून पालथा घातला. "उद्या मी फाटकाशी आहे. नैरोबीवाले येऊ देत नाहीतर आणखी कुणी."

"मीही येते."

"तुझी माणसं येतील की इथे."

"त्यांना सांगेन, तिकडे या म्हणून. तुझ्या गोणपाटावर जागा आहे का?"

"सरकून बसू," नेकेसा म्हणाली. "आणि येताना चहा आण थर्मासमध्ये. तुझ्या खोलीत नसेना का, फाटकाशी चालतो."